हशाचा निकाल

दुसऱ्याने हसवावे आणि आपण वही घेऊन बसावे, हा धंदा मुळातच थोडासा विपरीत आहे. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली जात असताना एखाद्या पाहुण्याने खिशातून तराजू काढावा, तसे काहीसे ते दिसते. शेजारचा माणूस पोट धरून हसत असतो, आपणही हसत असतो. पण त्याचे हसणे हसण्यातच संपते आणि आपल्याला मात्र हसू ओसरताच त्याचा हिशेब मांडावा लागतो. शोकनाट्याच्या परीक्षकाचे त्या मानाने बरे असते. डोळ्यांत पाणी आले तर प्रयोग रंगला, न आले तर रंगला नाही, असे तो बिनदिक्कत लिहू शकतो. हसण्याचे तसे नाही. न पटणाऱ्या गोष्टीलाही माणूस हसतो, कारण हसू हे पटण्याच्या आधीच ओठांवर आलेले असते. हसून झाल्यावर आपल्यालाच चमत्कारिक वाटावे असे हसू कोण हसला नाही? मग खरा निकाल कोणता मानायचा? रात्री तंबूत नकळत दिलेला, की सकाळी टेबलाशी बसून विचारपूर्वक लिहिलेला?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत होणाऱ्या नाटकांवर, एकांकिकांवर आणि जत्रेतल्या तमाशांवर मी काही वर्षे एका लहानशा साप्ताहिकात लिहीत आलो आहे. हा मुलूख मुंबईच्या इतका जवळ आहे, की मुंबईला त्याची आठवण क्वचितच होते. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसावे, आसनगावला उतरावे, की शहापूर आले. मुंबईकर सकाळी ज्या पाण्याने तोंड धुतो, त्यातले बरेचसे याच तालुक्यातले. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले, पुढे भातसा आली. पाणी इकडून तिकडे जाते आणि अभिरुची मात्र तिकडून इकडे येते. काय चांगले, काय गावंढळ, कशाला हसावे आणि कशाला नाक मुरडावे, हे सारे शिवाजी मंदिरात ठरते आणि मग हळूहळू खर्डी, धसई, टोकावड्यापर्यंत झिरपते. परीक्षक हा या उलट्या कालव्यावरचा पाटकरी. दार किती उघडायचे, एवढेच त्याच्या हाती.

पश्चिमेकडे याच प्रश्नाला फार मोठे रूप आले आहे. १९४७ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात पहिला मोठा कलामहोत्सव भरला, तेव्हा आमंत्रण नसलेल्या आठ नाटकमंडळ्या आपणहून तेथे गेल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी आपापले खेळ लावले. महोत्सवाच्या काठावर उभा राहिलेला हा बिनबोलावण्याचा महोत्सव आज मूळ महोत्सवाहून कितीतरी मोठा झाला आहे. दर ऑगस्टात तीन हजारांहून अधिक प्रयोग तेथे होतात, विनोदी प्रयोगांची तर रेलचेल असते, आणि परीक्षक पाचांपैकी किती तारे देतात याकडे नटांचे डोळे लागलेले असतात. चार-पाच तारे पडले की त्यांच्या चिठ्ठ्या भिंतीवरच्या जाहिरातींवर डकवल्या जातात. दोन पडले तर पदरचे पैसे घालून आलेला गडी मुकाट्याने गाशा गुंडाळतो.

आपल्याकडे बिनबोलावण्याच्या महोत्सवाला जत्रा म्हणतात, आणि तिच्यासाठी १९४७ सालाची वाट पाहावी लागली नाही. मुरबाडहून कर्जतच्या रस्त्याला लागले की म्हसा लागते. पौषी पौर्णिमेला तेथे म्हसोबाची यात्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने, पाळणे, मिठाईचे ढीग, आणि थोडे बाजूला तमाशाच्या फडांचे तंबू. यांना कोणी निवडसमिती लावून आणलेले नसते. ज्याचा तंबू भरला तो जिंकला. तारेही असतात, पण ते आकाशात. आणि थंडी अशी, की माणूस तंबूत कलेसाठी शिरला की उबेसाठी, हे त्याचे त्यालाही सांगता येऊ नये.

या तंबूंविषयी लिहू लागलो तेव्हा दोन प्रकारचे सल्ले मिळाले. सुशिक्षित स्नेही म्हणाले, “तमाशाचे कसले परीक्षण? चार अचकटविचकट विनोद आणि ढोलकी!” हे स्नेही ‘विच्छा माझी पुरी करा’ची गोष्ट निघाली की मात्र हळवे होतात. वसंत सबनिसांचे ते लोकनाट्य १९६५ साली आले आणि दादा कोंडक्यांच्या हवालदाराने मध्यमवर्गाला, बायकामुलांसकट, खुर्चीवरून खाली पडेतो हसवले. त्यातला हजरजबाबीपणा, द्व्यर्थी बोलणे, राजाची फजिती, हे सगळे तंबूतूनच आलेले होते. म्हणजे तोच विनोद कनातीच्या आत चावट, आणि वातानुकूलित नाट्यगृहात तिकिटाचा आकडा वाढला की लोककला! विनोदाची किंमत खुर्चीवरून ठरत असेल, तर परीक्षणे सुताराकडून लिहून घेणे अधिक योग्य.

दुसरा सल्ला अधिक प्रेमाचा होता आणि म्हणूनच अधिक घातक होता. गावातल्या हौशी मंडळींविषयी लिहिताना संपादक सांगत, “जरा सांभाळून घ्या. खेड्यातली पोरं आहेत, पदरचे पैसे घालून नाटक करतात.” गोष्ट खरी होती. हॉलचे भाडे, प्रकाशयोजनेचे सामान, रंगभूषेवाला, पोशाखांचे भाडे, तालमींचा चहा हे सगळे खिशातून जाते, आणि वर्तमानपत्रातल्या एका कात्रणावर पुढच्या प्रयोगाची वर्गणी मिळते किंवा बुडते. हे ठाऊक असताना फटकळपणाने लिहिणे ही मर्दुमकी नव्हे. पण ‘सांभाळून घ्या’ या शब्दांतली दया मला कधी रुचली नाही. मराठी परीक्षणांत ‘स्तुत्य प्रयत्न’ एवढे निर्दय शब्द दुसरे नाहीत. मुंबईच्या नाटकातला दोष दाखवायला आपण दोन रकाने खर्च करतो, कारण त्या नाटककाराला तो दोष कळेल आणि दुरुस्त करता येईल असा आपला विश्वास असतो. खेड्यातल्या मुलाची पाठ थोपटून आपण पुढे जातो, ते हा विश्वास नसल्यामुळे. चालू प्रयोगात वीज गेली, तर तिचा दोष दिग्दर्शकाला देऊ नये. पण वीज गेल्यावर रंगमंचावरच्या पात्रांनी काय केले, ते अवश्य लिहावे.

असो. या दोन्ही सल्ल्यांपेक्षा मला अधिक शिकवले ते म्हशाच्या एका रात्रीने.

तंबू भरला होता. पुढे जमिनीवर ताडपत्री, मागे लोखंडी खुर्च्या, त्याहून मागे उभे राहिलेले लोक. ताडपत्रीवर मजूर माणसे बसली होती. डोक्याला मफलर, अंगावर नवे-जुने घोंगडे. त्यांत काही कातकरी कुटुंबे होती. गण झाला, गवळण झाली, मावशीने कृष्णाला यथेच्छ छळून घेतले आणि वगाला सुरुवात झाली. सोंगाड्या सुरुवातीपासून फार चांगला होता असे मी म्हणणार नाही. एका लंगड्या माणसाची त्याने नक्कल केली, काळ्या नवरीवर दोन जुने विनोद टाकले. लोक हसले, ताडपत्रीवरचेही हसले. गरिबाचे हसू म्हणून ते पवित्र असते अशातला भाग नाही. गरीब माणूस आपल्याहून अडलेल्याला हसायला मागेपुढे पाहत नाही, हे जत्रेत बसणाऱ्याला दोन तासांत कळते.

मग सोंगाड्या मेला. म्हणजे वगात मेला, आणि यमाच्या दरबारात उभा राहिला. चित्रगुप्ताने वही उघडून दरडावले, “तुझ्या नावावर बाकी आहे!” सोंगाड्या वाकून वही निरखू लागला. एक पान उलटले, दुसरे उलटले, बोटाला थुंकी लावून तिसरे. मग सावकाश मान वर करून यमाला म्हणाला, “म्हाराज, वही बदलली वो! ही तर आमच्या भट्टीवाल्याची. हिच्यात मानूस मरतो, पन उचल फिटत नाय.”

ज्यांनी वीटभट्टी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत. या भागातली पुष्कळ कातकरी कुटुंबे दिवाळी उलटली की भट्ट्यांवर जातात. आपण फराळाचे डबे घासूनपुसून ठेवतो त्या सुमारास त्यांची भांडीकुंडी टेंपोत चढत असतात. पावसाळ्यात घरातले धान्य संपते, तेव्हा भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते. हंगामभर आठवड्याला खर्ची मिळते, आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. हिशेब ज्याच्या वहीत असतो, तोच तो वाचून दाखवतो. किती विटा पाडल्या, किती खर्ची गेली, किती उचल उरली, हे ऐकणाऱ्याला ते आकडे तपासून पाहता येत नाहीत. आणि उरलेली बाकी पुढल्या हंगामाला बांधून घेते. वेठबिगारीला बंदी घालणारा कायदा १९७६ साली झाला. वहीने तो वाचला आहे की नाही, न कळे.

सोंगाड्याच्या त्या वाक्याला जो हशा आला, त्याची दिशा मला अजून आठवते. तो आधी ताडपत्रीवर फुटला. एका म्हाताऱ्याने हसताहसता शेजाऱ्याचा गुडघा घट्ट धरला. एका बाईने पदर तोंडात कोंबला आणि तरी तिचे खांदे हलत राहिले. खुर्च्यांवरची माणसे क्षणभर मागाहून हसली. विनोदाला नव्हे, पुढच्यांच्या हसण्याला ती हसली. हशा पुढून मागे गेला. अगदी शेवटी उभ्या असलेल्या मंडळींतल्या दोघा-चौघा भट्टीमालकांपर्यंत पोहोचला तेव्हा तो खोकल्यासारखा झाला होता. तेही हसलेच, न हसून सांगतात कुणाला?

आता नाट्यशास्त्राकडे वळतो. परीक्षकाने भरताचे नाव घेतले की वाचक पान उलटतो हे मला ठाऊक आहे, पण थोडे थांबावे. सहाव्या अध्यायात भरताने हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित आणि हसित ही उत्तम माणसांची, विहसित आणि उपहसित ही मध्यमांची, अपहसित आणि अतिहसित ही नीचांची. दात न दाखवता, गाल किंचित फुलवून हसतो तो उत्तम; डोळ्यांतून पाणी काढीत, कुशी दाबीत हसतो तो अधम. या हिशेबाने म्हशाच्या तंबूत त्या रात्री एकही उत्तम पुरुष नव्हता. मी तर नव्हतोच.

पण याच भरताने सत्ताविसाव्या अध्यायात एक विलक्षण शहाणपणाची गोष्ट लिहून ठेवली आहे. प्रयोगाविषयी वाद पडला तर निवाडा कोणी करावा? तेथे त्याने एकट्यादुकट्या पंडिताला बसवलेले नाही. यज्ञाचा प्रसंग असेल तर यज्ञ जाणणाऱ्याला विचारा, नृत्य असेल तर नर्तकाला, धनुष्यबाणाचे काम असेल तर धनुर्धराला, राजाचा थाट दाखवला असेल तर राजाला आणि गणिकेचा अभिनय असेल तर गणिकेला. ही माणसे त्याचे प्राश्निक. जे दाखवले ते ज्याने जगून पाहिले आहे, त्याचा शब्द आधी. माझ्यासारख्या वहीवाल्याच्या दृष्टीने ही जरा अडचणीचीच व्यवस्था. कारण मग वीटभट्टीच्या विनोदाचा प्राश्निक कोण? खुर्चीवर बसलेला मी, की गुडघा धरून हसणारा तो म्हातारा?

त्या आठवड्याच्या परीक्षणात मी सोंगाड्याच्या लंगड्या नकलेला कंटाळवाणी म्हटले आणि वहीच्या विनोदाविषयी लिहिताना हशा कोठून उठला तेवढे नोंदवले. त्यावर कोणाची काही तक्रार आली नाही. तमाशाचा फड तोवर दुसऱ्या जत्रेला गेलेला होता.

तक्रार आली ती पुढे, शहापुरातल्या एका एकांकिकेच्या वेळी. तालुक्यातल्या महाविद्यालयीन मुलांनी ती बसवली होती. मुंबईचा एक साहेब माळावर फार्महाऊस बांधतो आणि राखणीला एका कातकऱ्याला ठेवतो, असे कथानक. अशी घरे आता दोन्ही तालुक्यांत डोंगराच्या कुशीत पाहावे तिकडे दिसतात, तेव्हा विषय अस्सल होता. राखणदाराचे काम करणारा मुलगा तर अस्सल नट होता. कोठे थांबायचे आणि प्रेक्षकांना किती वेळ ताटकळत ठेवायचे हे त्याला उपजतच कळत होते. साहेबाने दिलेला मोबाईल तो उलटा धरतो आणि त्यात बोलतो, साहेबाच्या स्विमिंग पुलात बैल धुवायला नेतो, आणि साहेबाचा प्रत्येक इंग्रजी शब्द मोडूनतोडून परत करतो. तीनशेच्या सभागृहात नुसता कल्लोळ उडाला. मीही हसलो. दाराशी दोन माणसे उभी होती. बाहेरचा मंडप त्यांनी बांधला होता, आणि बोलण्यावरून ती कातकरी होती हे मला प्रयोगाआधीच कळले होते. ती हसली नाहीत. रागावलीही नाहीत. एकाने तंबाखू मळली, दुसऱ्याने हात पुढे केला, एवढेच.

मी लिहिले की अभिनय पहिल्या प्रतीचा आहे, हशा मोठा आहे, मीही त्यात सामील होतो. मात्र ज्याच्यावर हा हशा बेतलेला आहे, ती माणसे दाराशी उभी राहून गप्प होती. एवढेच एक वाक्य. संपादकांनी ते गाळायची विनंती केली, मी नाही म्हटले, आणि त्यांनी ते मोठ्या मनाने छापले.

चार दिवसांनी तो मुलगा घरी आला. चहा घेईना. म्हणाला, “सर, हॉलमध्ये तीनशे माणसं हसली. तुम्ही दोघांकडं बघितलंत.”

“तीनशेंचंही लिहिलंय की.”

“पण लोकांच्या लक्षात दोघंच राहिले. आता आमच्या मंडळातलेच म्हणतात, याचं नाटक आदिवासींच्या विरोधात आहे. सर, माझ्या मनात तसं काही नव्हतं.”

“ते मला ठाऊक आहे.”

“मग हसवायचं कुणावर? साहेबावर विनोद केला तर साहेब देणगी देत नाही. पुढाऱ्यावर केला तर हॉल मिळत नाही. देवावर करायचीच सोय नाही.” आणि थोडे थांबून, “तुम्हीसुद्धा हसलात ना?”

“हसलो. तेही लिहिलंय.”

तो उठून गेला. त्याच्या प्रश्नाला तेव्हा मी उत्तर दिले नाही, कारण देण्याजोगे सोपे उत्तर नाही. बलवंतांना हसा आणि दुबळ्यांना सोडा, असे एक उत्तर हल्ली तयार मिळते. ते ऐकायला छान आहे, पण म्हशाचा सोंगाड्या त्यात बसत नाही. त्याने तर भट्टीच्या मजुराचेच सोंग घेतले होते. मेल्यावरही कर्जातून न सुटणाऱ्या बावळट गड्यावरच तंबू हसला, आणि हसण्यात तसलेच गडी पुढे होते. फरक वरच्या-खालच्याचा नव्हता, माहितीचा होता. सोंगाड्याला वहीत काय असते ते ठाऊक होते. बोटाला थुंकी लावून पान कसे उलटतात तेदेखील त्याने कोठेतरी पाहून ठेवले होते. या मुलाला राखणदाराची फक्त बोली ठाऊक होती, आणि तीही साहेबाच्या कानाने ऐकलेली.

तीनशे विरुद्ध दोन, हा त्याचा हिशेब मात्र मला काही दिवस सोडीना. लोकशाहीत तीनशेच जिंकतात, आणि तंबूही तीनशेंनीच भरतो. विनोद लागला की नाही, हे सांगायला तीनशेच हवेत. दोघांचे मौन दाखवून ‘विनोद फसला’ असे लिहिणारा परीक्षक खोटारडा ठरेल. पण विनोद ज्याविषयी आहे त्याविषयी तो खरा आहे की नाही, हे त्या तीनशेंना ठाऊक असण्याचे कारण नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’ची गोष्ट येथे आठवते. १९०७ साली आलेल्या या नाटकात इंग्रजांचे नाव कोठेही नाही, सगळे महाभारतातले. तरीही कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांतल्या प्रत्येकाला समजत होते, आणि व्हॅलेंटाइन चिरोलच्या १९१० सालच्या पुस्तकात तसे स्पष्ट नोंदले गेले. त्याच वर्षी नाटकावर बंदी आली. हेतू शत्रुत्वाचा होता खरा, पण परीक्षण म्हणून ते अचूक होते. रंगमंचावर काय बोलले गेले एवढ्यावर न थांबता, समोर बसलेल्यांनी काय ऐकले ते पाहिलेले होते. एका अर्थी आपल्या नाटकाची इतकी नीट दखल आपल्या बाजूच्या कोणी घेतली नसेल.

चेहरे वाचण्यात धोकाही आहे. साहेबाच्या विनोदाला कारकून हसतो, जमीनदाराच्या विनोदाला कूळ हसत असे, आणि घरोघरी सुना सासऱ्याच्या त्याच त्या जुन्या विनोदाला दर दिवाळीत हसतात. तेव्हा हसला म्हणजे पटले आणि गप्प राहिला म्हणजे दुखावला, असे समीकरण मांडणे हा परीक्षकाचा उद्धटपणा आहे. म्हणून मी सरळ मंडपवाल्यांची वस्ती शोधीत गेलो. दोघांपैकी तंबाखू मळणारा भेटला. नाटक कसे वाटले, विचारले.

तो म्हणाला, “आमचं काय, मंडपाचे पैसे घ्यायचे राहिले होते. ते मिळाले की जायचं होतं.”

झाले! माझ्या त्या एका वाक्यामागे मी मनाशी जो सारा सामाजिक आशय रचला होता, तो मंडपाच्या बिलात अडकलेला निघाला. वाक्य खरे होते, ते गप्पच होते; पण गप्प का होते याचा तर्क मी छापला नव्हता हे बरे. मी निघणार, तेवढ्यात तो आपणहून म्हणाला, “त्या राखणवाल्याला कुत्रा नव्हता.”

“म्हणजे?”

“माळावर एकला राहतो, रातचा, आनि कुत्रा नाय? असा कोन राहील?”

मी वही काढून ते लिहून घेतले. त्या एकांकिकेवर इतकी मर्मज्ञ टीका दुसऱ्या कोणाला सुचली नव्हती. मला तर नव्हतीच. त्याला बोलीचा अपमान खटकला नव्हता, निदान त्याने तसे म्हटले नाही. खटकला तो नाटककाराचा अजाणपणा. मोबाईल उलटा धरणारा माणूस त्याला भेटला असेल-नसेल, पण कुत्र्याशिवाय माळावर रात्र काढणारा भेटला नव्हता. भरताने ज्याला प्राश्निक म्हटले, तो मंडपाचे पैसे मागायला दाराशी उभा होता.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण सगळीकडे वही उघडत फिरणे हाही एक अजाणपणाच. शहापूरच्या उत्तरेला मोखाडा-जव्हारकडे बोहाडा होतो. देवादैत्यांचे मुखवटे घालून, संबळाच्या तालावर, रात्र उलटेपर्यंत सोंगे नाचतात. त्यातही हशा असतो, फजिती असते, पोरे किंचाळत पळतात. मी गेलो ते लिहायच्या इराद्यानेच. पण ज्याने मुखवटा घातला त्याच्या पायांवर म्हाताऱ्या बाया डोके ठेवीत होत्या. ते सोंग ‘रंगले’ का, हा प्रश्न तेथे विचारणे म्हणजे हळदीकुंकवाला गेलेल्या बाईला ‘कुंकू लावण्याची तुमची शैली थोडी एकसुरी वाटली’ असे सांगण्यासारखे झाले असते. वही पिशवीत राहिली. कुठल्या हसण्याला परीक्षक लागत नाही, हेही परीक्षकाला कळायला हवे. आणि ते सांगणारा कोणी अध्याय निदान मला सापडलेला नाही.

कुत्र्याची गोष्ट मी त्या मुलाला फोनवर सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, कुत्रा स्टेजवर आणायचा कसा?” मी म्हटले, ते नटाचे काम.

पुढचा प्रयोग मुरबाडला झाला. मी तिकीट काढून मागे बसलो. साहेबाचा फोन वाजतो, तेव्हा राखणदार भाकरी मोडीत बसलेला असतो. तो फोनकडे पाहतो, मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहतो, अर्धी भाकरी तिकडे टाकतो, आणि त्या नसलेल्या कुत्र्याचे खाऊन होईपर्यंत फोन उचलत नाही. घंटी वाजत राहते. सभागृहात कोणी खळखळून हसले नाही; डावीकडून काही माणसे हलकेच हसली, आणि एक लहान मूल मोठ्याने म्हणाले, “आई, कुत्रा!” प्रयोगानंतर संयोजकांपैकी एकजण त्याला सांगत होता की ती जागा थोडी लांबते, गती पडते, काढून टाक.

त्याने ती काढलेली नाही. मोबाईल उलटा धरण्याचा विनोदही काढलेला नाही. मी विचारले तेव्हा म्हणाला, “सर, तिथं हशा येतो. तो गेला तर लोक कुत्र्यापर्यंत थांबणार नाहीत.”